पूर्वसंशोधनाचा आढावा : नव्या वहीतील मागील बाकी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणारी भाषणे आपण या मांडवात ऐकलीत आणि पुढेही ऐकाल. मला मात्र कार्यकारिणीने सांगितले की, 'आमच्या शिष्यवृत्तीधारक मुलामुलींना उपयोगी पडेल असे काही सांगा.' म्हणून मी एक अगदी लहान, दुर्लक्षित, परंतु माझ्या मते फार महत्त्वाचा विषय निवडला आहे. महाविद्यालयात प्रकल्प लिहिताना दुसऱ्या प्रकरणात जो 'पूर्वसंशोधनाचा आढावा' द्यावा लागतो, तो कसा करावा आणि मुळात का करावा, हा तो विषय होय. काही अभ्यासक्रमांत यालाच 'साहित्याचा आढावा' म्हणतात. येथे साहित्य म्हणजे कथा-कादंबऱ्या नव्हेत. आपल्या प्रश्नावर आजवर जे शोधनिबंध, प्रबंध, अहवाल व ग्रंथ लिहिले गेले, ते सारे म्हणजे हे साहित्य.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करण्याची वाट खुली झाली आहे. पदव्युत्तर वर्गात तर प्रकल्प असतोच. परंतु अनुभव असा की, पहिले प्रकरण विद्यार्थी स्वतः लिहितो, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणासाठी प्रश्नावल्या भरून घेतो आणि दुसरे प्रकरण मात्र कुणाच्या तरी जुन्या प्रकल्पातून उतरवून घेतो. पालकही म्हणतात, 'ते एक प्रकरण कोण वाचते?' ही समजूत किती घातक आहे, हे मला आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आपल्यापैकी बहुसंख्य घरे व्यापार-उदिमाची आहेत. नवी वही घालताना आपण पहिल्या पानावर काय लिहितो? मागील वर्षाची बाकी. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, हे पुढे ओढल्याशिवाय नव्या वर्षाचा एकही व्यवहार खरा ठरत नाही. ज्ञानाच्या व्यवहारातही हेच आहे. आपल्या आधी कोणी काय शोधले, त्यातले किती पक्के, किती कच्चे, कोणती नोंद वादात आहे आणि कोणती रक्कम अजून कोणी मोजलेलीच नाही, ही मागील बाकी मांडणे म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. नव्या वहीचे हे पहिले पान कोरे ठेवून पुढचा हिशेब कितीही सुवाच्य लिहिला, तरी तो जुळणार नाही.

ही परंपरा जुनी आहे. जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्याने १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे खाणारी जोडी झपाट्याने सुधारली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितली जाते. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, १७५३ साली त्याने या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तोपर्यंत स्कर्व्हीवर जे जे लिहिले गेले होते त्याचा कालानुक्रमे व चिकित्सक आढावा घेतला होता. आधीच्या लेखनातील गोंधळ दूर केल्यावाचून आपले म्हणणे स्पष्ट होणार नाही, हे त्याने ओळखले होते. आपला प्रयोग जगापुढे ठेवताना पूर्वसूरींचे लेखन पुन्हा तपासण्याचे कष्ट त्याने घेतले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे कष्ट न घेतल्यास काय होते? दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही वैद्यकातील आहेत, कारण तेथे निष्काळजीपणाची किंमत लगेच दिसते.

पहिले उदाहरण २००१ सालचे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या विकाराची कारणमीमांसा करण्यासाठी एक प्रयोग चालू होता. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचे औषध श्वासावाटे देण्यात आले. चोवीस वर्षांची एक निरोगी तरुणी त्यानंतर आजारी पडली आणि २ जून २००१ रोजी मरण पावली. पुढे चौकशीत असे दिसले की, संशोधकाने औषधाच्या धोक्यांचा शोध घेतला होता. परंतु ज्या संगणकीय सूचीवर त्याची मुख्य भिस्त होती, तीत त्या काळी १९६६ पूर्वीचे लेखन समाविष्ट नव्हते. या औषधामुळे फुप्फुसांना इजा होऊ शकते असे सांगणारे निबंध १९५० च्या दशकातले होते. ते ग्रंथालयांत उपलब्ध होते, छापील सूचींत त्यांची नोंद होती. मागील बाकी वहीत होती. पान मात्र उलटले गेले नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. तान्ह्या बाळांना पालथे झोपवावे, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके दिला जात होता. पालथे झोपवलेल्या बाळांत अकस्मात मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असे दाखवणारे अभ्यास मधून मधून प्रसिद्ध होत होते. पण ते कोणी एकत्र मांडले नाहीत. बाळांना उताणे झोपवण्याच्या मोहिमा १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाल्या. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे जुने अभ्यास एकत्र तपासून दाखवले की, उपलब्ध पुराव्याचा पद्धतशीर आढावा घेतला गेला असता, तर १९७० पर्यंतच हा धोका ओळखता आला असता. तसे झाले असते, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे. या कामी नवे औषध लागणार नव्हते, नवे यंत्र लागणार नव्हते. जे लिहिले गेले होते, ते एकत्र वाचणारा कोणीतरी हवा होता.

आपल्या प्रकल्पावर कोणाचा जीव अवलंबून नसेल, हे मान्य. परंतु सवय ही लहान कामातच लागते. म्हणून आता आपल्या परिचयाचा एक विषय घेऊन हे काम टप्प्याटप्प्याने पाहू.

समजा, गृहविज्ञान, समाजशास्त्र अथवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने 'रक्तक्षय' म्हणजे अ‍ॅनिमिया हा विषय निवडला. एवढ्या मोठ्या विषयाचा आढावा घेता येणार नाही. आयुष्य पुरणार नाही. तेव्हा पहिली पायरी म्हणजे विषयाचा प्रश्न करणे. 'शहरातील वसतिगृहात राहणाऱ्या शाकाहारी विद्यार्थिनींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण किती, आणि जेवणाच्या कोणत्या सवयींशी त्याचा संबंध दिसतो?' हा प्रश्न झाला. कोण, कुठे, काय आणि कशाशी संबंध, ही चार अंगे ठरली की काय वाचावे आणि काय बाजूला ठेवावे, हे आपोआप ठरते.

दुसरी पायरी शोधाची. येथे शब्दांची यादी आधी करावी. मराठीत रक्तक्षय, पंडुरोग, लोहाची कमतरता, हिमोग्लोबिनची कमतरता असे अनेक शब्द आहेत. इंग्रजीत अ‍ॅनिमिया हा शब्द ब्रिटिश पद्धतीने लिहिताना एक 'ए' जास्त येतो आणि अमेरिकन पद्धतीने लिहिताना तो गळतो. एकाच पद्धतीने शोधल्यास काही निबंध निसटण्याचा संभव राहतो. हे शब्द घेऊन वैद्यकीय विषयांसाठी पबमेड, सर्व विषयांसाठी गूगल स्कॉलर आणि भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे भांडार पाहावे. शोधगंगेवर मराठीत लिहिलेले प्रबंधही मिळतात आणि ते विनामूल्य वाचता येतात. विकत घ्याव्या लागणाऱ्या नियतकालिकांसाठी केंद्र शासनाची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तीत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आहेत. आपले महाविद्यालय तीत आहे किंवा नाही, हे ग्रंथपालांना विचारावे. ग्रंथपालांना विचारणे ही स्वतंत्र पायरीच समजावी, इतके ते उपयोगाचे आहे. कोणत्या दिवशी, कोठे, कोणते शब्द घालून शोधले आणि काय हाती लागले, याची नोंद एका वहीत ठेवावी.

तिसरी पायरी वाचनाची व टिपणाची. शोधात दोनशे नावे निघाली, तर सर्व वाचावयाची नसतात. शीर्षक व गोषवारा वाचून वीस-पंचवीस निवडावीत आणि ती मात्र पूर्ण वाचावीत. प्रत्येक निबंधासाठी एक टिपणपत्र करावे. त्यावर सहा गोष्टी लिहाव्यात : लेखक व वर्ष, प्रश्न कोणता, किती व्यक्तींचा अभ्यास, मोजमाप कसे केले, निष्कर्ष काय आणि उणीव काय. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले, तर अवतरणचिन्हे तेथल्या तेथे घालावीत. महिन्याभरानंतर स्वतःचे वाक्य कोणते व परक्याचे कोणते, हे आठवत नाही आणि तेथूनच नकळत वाङ्मयचौर्य सुरू होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पालकाच्या भाजीविषयी एक कथा आपण ऐकली असेल. एकोणिसाव्या शतकात कोणा शास्त्रज्ञाने पालकातील लोहाचे प्रमाण लिहिताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले, म्हणून पालकात दहापट लोह आहे असा समज पसरला, ही ती कथा. १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेतील लेखात ती आली आणि पुढे असंख्य लेखकांनी ती एकमेकांच्या आधाराने सांगितली. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकाने मुळापर्यंत जाऊन शोध घेतला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा पुरावाच त्यांना सापडला नाही. म्हणजे, 'मूळ आधार तपासा' हे पटवण्यासाठी जी गोष्ट सांगितली जात होती, तिचाच मूळ आधार कोणी तपासला नव्हता! तेव्हा 'अमक्याच्या ग्रंथात तमक्याचे मत दिले आहे' एवढ्यावर थांबू नये. तमक्याचा निबंध स्वतः उघडून पाहावा. तो मिळालाच नाही, तर आपण दुसऱ्याच्या आधाराने लिहीत आहोत, हे स्पष्ट नमूद करावे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा गाळली जाते. ती म्हणजे मेळ घालणे. रक्तक्षयाचेच पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील ५३.१ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला; पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा ५७ टक्के झाला. महाराष्ट्रात तो ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेला. याच पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये देशभरात ५९.१ टक्के प्रमाण दिसले. आता सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण (२०१६-१८) उघडावे. त्यात १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. दोन्ही सर्वेक्षणे शासनाची, दोन्ही मोठी. मग खरे कोणते?

सामान्य प्रकल्पात हे दोन आकडे दोन परिच्छेदांत, एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे असतात. आढावा घेणारी विद्यार्थिनी मात्र येथे थांबते आणि विचारते की, फरक का पडला? मग तिला दिसते की, दोहोंचे वयोगट सारखे नाहीत. आणखी खोलात गेल्यावर दिसते की, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब घेतला होता, तर पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासले होते. थेंबाच्या मोजमापात तफावत अधिक राहते, यावर संशोधकांत बरीच चर्चा झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिरेतील रक्ताच्या तपासणीला पसंती दिली आहे. हे वाचल्यावर तिचा स्वतःचा प्रकल्प बदलतो. हिमोग्लोबिन कसे मोजावे, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा का धरली, आपले निष्कर्ष कोणत्या सर्वेक्षणाशी ताडून पाहता येतील आणि कोणत्याशी नाही, हे तिला आता ठाऊक असते. दुसरे प्रकरण नीट लिहिले की तिसरे प्रकरण सुधारते, ते असे.

पाचवी पायरी लेखनाची. 'अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, तमुक यांनी तमुक साली अभ्यास केला' अशी माळ ओवणे म्हणजे आढावा नव्हे. ती केवळ यादी होय. लेखकांच्या क्रमाने न लिहिता मुद्द्यांच्या क्रमाने लिहावे. आपल्या उदाहरणात पहिला मुद्दा प्रमाणाचा व मोजमापाचा, दुसरा आहाराचा, तिसरा शासकीय उपाययोजनांचा. आहाराच्या मुद्द्यात वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात तुलनेने कमी शोषले जाते, जेवणाबरोबर लिंबू वा आवळा घेतल्यास ते शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते, यांवर अभ्यासकांचे एकमत आहे, असे एका वाक्यात सांगून त्या वाक्याच्या शेवटी सर्व अभ्यासकांची नावे एकत्र द्यावीत. उपाययोजनांच्या मुद्द्यात १९७० मध्ये देशव्यापी लोहगोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' ही मोहीम आली, तरी प्रमाण अपेक्षेइतके का घटले नाही, हा प्रश्न मांडावा. जेथे एकमत आहे ते थोडक्यात, जेथे मतभेद आहे ते सविस्तर, आणि जेथे कोणी पाहिलेच नाही तेथे बोट ठेवून थांबावे. ते बोट जेथे थांबते, तेथेच आपल्या प्रकल्पाचे प्रयोजन सुरू होते. आपल्यास न पटणारा निष्कर्ष वगळू नये. तो नोंदवून, का पटत नाही, हे सांगावे. सोयीची तेवढीच येणी लिहून देणी लपवणाऱ्या वहीला आपण काय म्हणतो, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

आता प्रामाणिकपणाविषयी दोन शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमानुसार प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानले जात नाही. त्यापुढे साम्याच्या प्रमाणात कारवाई वाढत जाते आणि साठ टक्क्यांपलीकडे नोंदणीच रद्द होऊ शकते. परंतु केवळ टक्केवारीच्या भीतीने शब्द फिरवणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत लिहिला, तरी तो विचार दुसऱ्याचाच राहतो. त्याचे नाव दिलेच पाहिजे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली आहेत. प्रश्न विचारताच ती सुबक आढावा लिहून देतात, वर संदर्भांची यादीही देतात. अडचण अशी की, त्या यादीतील काही निबंध कधी लिहिलेच गेलेले नसतात. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथील संघराज्य न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी अशा साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे आधार म्हणून ठेवले होते. साधन वापरू नये, असे मी म्हणत नाही. शोधासाठी शब्द सुचवण्यास, अवघड परिच्छेद समजून घेण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु जो निबंध आपण स्वतः उघडून पाहिला नाही, त्याचे नाव आपल्या संदर्भसूचीत येता कामा नये. संदर्भसूची म्हणजे 'हे मी वाचले आहे' अशी आपल्या सहीची ग्वाही असते. तसेच एखादा निबंध पुढे मागे घेतला गेला आहे काय, हेही पाहावे. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट' मधील निबंध त्या पत्रिकेने २०१० मध्ये मागे घेतला. तरीही त्यातील गैरसमज अजून पुरता विरलेला नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, 'एवढे कष्ट एका प्रकरणासाठी?' त्यावर आपल्याच प्रांतातील दोन कामांचे स्मरण देतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली. प्रा. हरी दामोदर वेलणकर यांनी जैन ग्रंथ व ग्रंथकार यांची वर्णानुक्रमे नोंद करणारा 'जिनरत्नकोश' सिद्ध केला आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९४४ मध्ये प्रकाशित केला. कोणता ग्रंथ कोणी रचला आणि त्याची हस्तलिखिते कोणत्या भांडारात आहेत, हे त्यात एका जागी सापडते. संगणक नसताना, एकेक सूची व एकेक अहवाल चाळून ही कामे झाली. आज जैन साहित्यावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याचा कित्येक महिन्यांचा शोध त्या एका ग्रंथामुळे वाचतो. दुसऱ्यासाठी मागील बाकी मांडून ठेवणे हे केवढे मोठे उपकारकार्य आहे, ते यावरून कळावे.

म्हणूनच शेवटी विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती करतो. आपल्या साहाय्याने शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आपल्या प्रकल्पाची एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवील, असा नियम करावा. प्रत्येक प्रतीबरोबर त्याने शोधलेले शब्द, वाचलेले निबंध आणि अपुरा राहिलेला प्रश्न यांचे एक पान असावे. पुढच्या वर्षी येणारी मुलगी ते पान उघडेल आणि जेथे तिच्या आधीचा थांबला, तेथून पुढे चालेल. पन्नास वर्षांत शिष्यवृत्तीचे रुपये किती दिले, याचा हिशेब संस्थेच्या वह्यांत आहेच. पुढील पन्नास वर्षांत त्या रुपयांतून ज्ञान किती साठले, याचाही हिशेब राहील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपणांस एवढेच सांगणे की, येत्या सत्रात प्रकल्पाची प्रश्नावली छापण्यापूर्वी पंधरा दिवस ग्रंथालयात बसा. वीस निबंध पूर्ण वाचा. त्यांतील दोन निबंध जेथे एकमेकांशी भांडतात, ती जागा शोधा. आपला प्रकल्प तेथे आहे.